दामूच्या गाडीचा कोपर

परवा सकाळी जनेल उघडलं आणि काजूच्या बोंडवांचा वास आत आला. डोंगरावर कोणीतरी बोंडू तुडवायला सुरुवात केली असणार. मी जनेल परत लावून घेतलं. इतकी वर्षं हा वास आला की मी मागच्या खोपीत जाऊन भट्टीची राख उपसायचो आणि माझी बायको शालन रेती चाळायला बसायची. ह्या वर्षी शालन नाही. श्रावणात गेली. भट्टी आहे, रेती आहे, मी आहे, आणि हा वास न विचारता दरवर्षीसारखा आलाय. मला त्या वासाचा राग आला. वासाचा कसला राग, असं कोणी म्हणेल. म्हणू दे.

आमच्या घराचा हंगाम काजूचा, आणि आमच्या मालकीचं काजूचं एकही झाड नाही. पण मी ॲल्युमिनियम ओतणारा, आणि ओतकामाला पाऊस चालत नाही. साच्याच्या रेतीत ओल जास्त राहिली तर धातू उसळून अंगावर येतो. म्हणून पावसाळाभर मी फक्त कानस चालवायचो, भोकं पाडायचो, जुनी कामं घासून द्यायचो. थंडी सरली, जमीन कडक झाली, डोंगर तांबडा-पिवळा झाला की मग भट्टी. आमच्या इब्रामपुरात लोक काजू गोळा करायला डोंगरावर जायचे आणि आमच्या मागच्या दारातून धूर निघायचा. लोकांना वाटायचं आम्हीपण दारूच गाळतो. एकदोघं बाटली घेऊन आलेसुद्धा. शालन त्यांना सांगायची, "आमच्याकडे पितात ता नाय, गाडयेक लायतात ता गावता."

मी मेस्त, म्हणजे कारागीर. मराठी चौथीपर्यंत शिकलो, पुढं बापानं म्हापशाला एका किरिस्तांव मेस्ताच्या हाताखाली लावलं. तो मारायचा, पण काम शिकवायचा. पोर्तुगीज होते तेव्हा परदेशातल्या गाड्या बोटीतून सरळ गोव्यात उतरायच्या. पोर्तुगीज गेले, गाड्या राहिल्या, आणि त्यांचे सुटे भाग यायचे बंद झाले. गाडी जर्मन, मालक गोंयकार, आणि तुटलेली दाराची मूठ मिळणार कुठं? मुंबईला नाही, बेळगावला नाही. मग ती मूठ माझ्याकडे यायची. इंजिनाची झाकणं, दिव्याच्या कडा, पंख्याचे कणे, खाणीवरच्या जीपगाड्यांची काय काय फुटलेली हाडं. जुने पिस्टन वितळवून मी त्यातून नवं हाड करून द्यायचो. गुरांचा गोठा होता त्याची खोप केली होती. गुरं गेली तरी गोठ्याचा वास पुष्कळ वर्षं राहिला, मग हळूहळू त्यावर जळक्या तेलाचा वास चढला.

ओतकामात निम्मं काम शालनचं. हे मी तिच्यामागं बोलतो असं नाही, तिच्यासमोरही बोलायचो. नळीसारखी वस्तू आतून पोकळ पाहिजे असेल तर साच्यात मधोमध रेतीचा गाभा ठेवावा लागतो. धातू त्याच्या भोवतीनं फिरतो, थिजतो, मग गाभा ठोकून पाडायचा. तो हाताळताना मोडता कामा नये, आणि काम झाल्यावर आत चिकटून बसता कामा नये. बाहेरचे ओतारी रेती बांधायला त्यात काकवी घालतात. आमच्याकडे काकवी कुठली? शालन नीरो घालायची. बोंडू तुडवून झाले की चोथ्यातून जो स्वच्छ रस आपसूक ठिबकतो, तो नीरो. डोंगरावरून ताजा आणायची, पितळेच्या टोपात आटवायची, बोटाला तार लागली की उतरवायची. रेतीत कालवून गाभा घडवायची आणि चुलीच्या निखाऱ्यांवर भाजायची. माझी बोटं जाड. तिची बारीक, लांब. करंजीची कड मुरडावी तशी ती गाभ्याची कड बसवायची. धातू आत गेला की तो नीरो जळायचा, आणि सगळ्या खोपीत करपलेल्या गोडाचा वास पसरायचा. तो वास मी आता कोणाला सांगू? सांगून कळत नाही.

त्या एका हंगामाचं मनातून जात नाही. कोकणीला राजभाषा करायचा कायदा झाला होता आणि गोव्याचं वेगळं राज्य व्हायचं होतं, त्या दोन्हींच्या मधला तो काजूचा हंगाम, सत्त्याऐंशीचा. त्याच्या आधीचा हिवाळा सगळा कोकणी की मराठी ह्या भांडणात गेला. रस्त्यावर झाडं आडवी पडली, बसगाड्या थांबल्या, भिंती रंगल्या. आमच्या पेडण्यात, डिचोलीत मराठीवाले जास्त. मीही मराठीवाला. का, तर मला जे काय वाचता येतं ते मराठीत. देवळातलं भजन मराठीत, पोथी मराठीत, बापाच्या श्राद्धाचा संकल्पसुद्धा भट मराठीत समजावून सांगायचा. शालनचा धाकटा भाऊ दामू कारापूरचा. त्याची टॅक्सी. जुनी जर्मन गाडी, पोर्तुगीज काळातली, काळी, तिच्या नाकावरचं चकाकतं चिन्हदेखील मीच ओतून दिलेलं. तो म्हापसा, पणजीला फिरायचा, चार प्रकारच्या माणसांत ऊठबस, आणि तो कोकणीच्या बाजूचा झाला. होऊ दे. मला त्याचं काही नव्हतं. त्यालाही माझं नसावं. पण हवाच तशी होती. त्या हिवाळ्यात नुसतं "पाऊस पडेल काय" म्हटलं तरी माणूस विचारायचा, कुठल्या भाषेत.

पौषात आमच्या घरी देवकार्य होतं. दामू आला. पानं वाढली. कुठून विषय निघाला आठवत नाही, निघायला कारण लागत नव्हतंच. दामू हसत हसत म्हणाला, "भावजी, तुमची चूल कोंकणींत पेटता आणि घोषणा मात मराठींत."

मी म्हटलं, "माजी चूल माझ्या लाकडार पेटता. तुजां काय? गाडयेत मागे जो बसता, ताची भास तू उलयतंस."

हे बोललो. भाडं देणाऱ्याची भाषा बोलतोस, असं टॅक्सीवाल्याला बोलायचं नसतं हे मला माहीत होतं. पण त्यानं चुलीला हात घातला होता आणि मी गाडीला घातला. आजही मला कोणी विचारलं तर मी सांगेन, बरोबरी झाली. एवढंच की आम्ही दोघंही कोकणीतच भांडलो. एका शब्दाचा फरक नव्हता दोघांच्या बोलण्यात. पण तेव्हा ते कोणाच्या लक्षात यायचं!

दामू पानावरून उठला. भात वाढलेला, हात न लावलेला. शालन वाढायचा कुलेर हातात धरून उभी. तो तिला म्हणाला की तुला माहेर बंद नाही, कधीही ये, पण ह्या घरातली वस्तू घेऊन येऊ नको, ह्याच्या हातचं काही आमच्या दारात नको. गाडी विकीन पण ह्याचं काम तिला लावणार नाही, असंही म्हणाला. तो फाटकापर्यंत पोचला तेव्हा शालन बोलली. "मी पण ह्याच घरातली वस्तू मां रे. मगे माकाच येव नाका म्हण."

तो थांबला नाही.

झालं ते एवढंच. मारामारी नाही, पोलीस नाही. पण कारापूरला तिची आई होती. म्हातारीचे डोळे जात चालले होते. दरवर्षी थंडी सरता सरता शालन चार दिवस माहेरी जायची, आईचं डोकं विंचरायची, आई तिच्या तोंडावरून हात फिरवून बघायची की लेक वाळली की भरली. ते थांबलं. मी म्हटलं, जा. ती म्हणाली, रिकाम्या हातानं जाऊ? भिकारीण जाते तशी? मी म्हटलं, मग घेऊन जा. म्हणाली, आणि त्यानं दारातून परत पाठवलं तर? तर मग पुढं कधी जायला तोंड राहणार नाही. तिचं बरोबर होतं. एकदा टोपली दारातून परत फिरली की ती वाट कायमची मेली. म्हणून ती जाईचना. वाट आहे पण चालता येत नाही, असं तिचं झालं. रात्री जेवताना मधेच विचारायची, "आवयक दुसऱ्या डोळ्यान अजून दिसत आसतला मां?" मी तिथं असतो तर सांगितलं असतं.

मग एक दिवस डिचोलीच्या बसचा कंडक्टर दारात उतरला. फडक्यात बांधलेली जड वस्तू त्यानं शालनच्या हातात दिली. कारापूरच्या म्हातारीनं पाठवलीय म्हणाला, आणि सांगितलंय की चेडवाच्या, लेकीच्याच हातात दे, दुसऱ्या कोणाच्या नको. फडकं सोडलं तर आत दामूच्या गाडीचा कोपर.

इंजिनातलं उकळतं पाणी थंड व्हायला पुढं जातं, तिथं मुठीएवढी एक वाकडी नळी असते. ॲल्युमिनियमची. आम्ही तिला कोपर म्हणतो. विहिरीचं खारट पाणी घालून घालून ती आतून खाल्ली जाते, मग फुटते. दामूचा कोपर वाकणावरच चिरला होता. कंडक्टर सांगत होता की गाडी महिनाभर फणसाखाली उभी आहे. दामूनं लोखंडी नळी जोडून बघितली, गळली. बेळगावला जाऊन आला, तिथं एका नगासाठी कोणी भट्टी पेटवत नाही. आता भाड्याच्या गाडीवर दुसऱ्याचा ड्रायव्हर म्हणून जातो. म्हातारीनं न्हाणीच्या कोपऱ्यात टाकलेला हा तुकडा चाचपून उचलला आणि फडक्यात बांधला. तिला जवळजवळ दिसत नव्हतं, पण कुठली वस्तू कुठं द्यायची ते दिसत होतं.

शालननं कोपर मेजावर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी सरळ सांगितलं. मी करणार नाही. तो लावणार नाही, मग मी कशाला करू? माझी काय हौस आहे?

ती म्हणाली, "तुमी दामूक करू नाकात. माजे आवयक करा."

मी कोपर उचलून खोपीत नेला.

तापलेला धातू निवताना आकसतो. म्हणून जेवढा पाहिजे तेवढाच नमुना करून चालत नाही, थोडा मोठा करावा लागतो. आकसायला जागा आधीच सोडायची. चिरलेल्या कोपरात आम्ही मेण भरलं आणि वरून खळ लावून कागदाचे थर दिले. त्या वर्षी रद्दीला तोटा नव्हता. दोन्ही बाजूंची भाषणं, दोन्ही बाजूंचे मोर्चे, पानंच्या पानं. शालन पट्ट्या फाडत होती, मी चिकटवत होतो. कोणाचं भाषण कोणाच्या भाषणावर बसलं ते बघायला आम्हाला सवड नव्हती. वाळल्यावर एकजीव झालं आणि दगडासारखं कडक.

पहिला कोपर वाया गेला. फोडून बघितला तर आत सगळा बुडबुड्यांचा, इडलीसारखा. मी रेतीवर संशयानं बघितलं, भट्टीवर बघितलं. शालननं टोपातला उरलेला रस बोटावर घेऊन चाटला आणि तोंड वाकडं केलं. नीरो आदल्या दिवशीचा होता. उन्हात आंबला होता, त्यातलं गोड निघून गेलं होतं. असा रस आटवला तरी त्यात बांधायची ताकद नसते, नुसती वाफ धरतो. तिनं असं कधी केलं नव्हतं. घाईत होती. ती चुलीपाशी बसली आणि म्हणाली की हे होणार नाही, देवाच्या मनात नाही. मी म्हटलं, देवाला काय करायचंय कोपर, त्याची काय गाडी आहे? ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास ती स्वतः डोंगरावर गेली, ठिबकत असलेल्या धारेखाली तांब्या धरून बसली आणि भरल्याबरोबर आली.

आमच्या भट्टीला मी करवंट्यांचा कोळसा वापरायचो. शांत पेटतो आणि उष्णता मोठी. वितळलेलं ॲल्युमिनियम फसवं असतं. लोखंड तापलं की लाल होऊन सांगतं. हे सांगत नाही. तसंच पांढरं, थंड दिसतं, जवळ गेलं की कातडी सोलून काढतं. शालन म्हणायची, दामू असाच आहे, हसत असतो आणि आतून तापलेला असतो. त्या दिवशी मी मूस उचलली तेव्हा तिनं साच्यापाशी हात जोडले. मी ओतलं. गोड करपलेला वास आला. तिनं डोळे मिटून तो वास घेतला, आणि साचा फोडायच्या आधीच म्हणाली, झाला. झाला होता. कानशीनं तोंड सपाट केलं, भोकं पाडली, एक बोळा कोंबून दुसऱ्या तोंडानं पाणी भरलं. थेंब नाही. असा कोपर मी त्याआधी केला नव्हता, नंतरही नाही.

पण करणं सोपं. पोचवणार कसा? तिथं शालनचं डोकं चाललं.

आमच्याकडे लेकीच्या सासरी माहेरून वजें जातं. सणावाराला टोपलीभर खाजें, लाडू, नारळ, केळी. वजें दारातून परत करत नाहीत. कितीही राग असला तरी नाही, कारण त्यात अन्न असतं आणि वर कुंकू असतं. आणि त्याची टोपली रिकामी पाठवत नाहीत, चार दिवसांनी काहीतरी घालूनच परत येते. हे नेहमी माहेराहून सासरी. सासरहून माहेरी वजें नेलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. शिमग्याच्या तोंडावर शालननं खाजें आणलं, केळ्यांचा घड उतरवला, टोपली भरली. तळाशी तिचा कोरा खण, त्यात नवा कोपर. त्याच्याशेजारी फडक्यात जुना.

मी विचारलं, ही कुठली रीत?

"इब्रामपूरची," ती म्हणाली. "कारापूरकारांक खंय म्हायती इब्रामपूरची रीत?"

जुना कोपर का नेतेस, तेही विचारलं. ती म्हणाली की टोपली परत येईल तेव्हा त्यात दोघांपैकी एक असेल. जुना आला, तर त्यानं नवा ठेवून घेतला. नवा आला, तर... टोपली डोक्यावर घेतली आणि बस पकडायला गेली. संध्याकाळी रिकाम्या हातांनी आली. दामू घरी नव्हता. टोपली आईच्या पुढ्यात ठेवून, आईचं डोकं विंचरून आली होती. आईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, वाळलीस.

मग थांबणं. शिमगा झाला, ढोल वाजून थांबले. अंगणात रंग पडला होता तो उडून गेला. डिचोलीची बस यायची वेळ झाली की शालन काहीतरी काम काढून फाटकापाशी जायची. कधी केर काढायला, कधी तुळशीला पाणी घालायला. एवढं पाणी तुळशीला कोणी घालत नाही. बस न थांबता गेली की आत यायची आणि भांडी जरा जोरात ठेवायची. मी भट्टी पेटवली नाही. कामं पडून होती, गिऱ्हाईक तोंडावर बोलून जायचं. पण हात चालत नव्हता. आपण केलेली वस्तू कुठंतरी कोणाच्या तरी हातात आहे आणि तो माणूस तिच्याकडे बघून ठरवतोय, हे डोक्यातून जात नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला कोपराची काळजी नव्हती. नवा परत आला असता तर मी वितळवून दुसरं काहीतरी केलं असतं. शालनचं काय केलं असतं? तिची कुठली भट्टी?

पाडव्याच्या आदल्या दिवशी बस थांबली. कंडक्टरनं टोपली खाली दिली. वर नारळ, गुळाची ढेप, तांदूळ. शालन टोपली घेऊन पायरीवरच बसली. मला म्हणाली, तुम्ही बघा. मी म्हटलं, तूच बघ. तिनं नारळ बाजूला केले नाहीत. नुसता हात तांदळात खाली घातला, बोटांनी चाचपलं, चाचपत राहिली. तिच्या तोंडावर काही कळत नव्हतं. मग म्हणाली, "चिर लागता हाताक."

जुना होता. ती पायरीवर बसून रडली, तांदळात हात तसाच ठेवून.

त्यानंतर ती गेली, राहिली, येत जात राहिली. मे महिन्यात राज्य झालं तेव्हाही ती कारापूरलाच होती. डिचोलीकडे फटाके वाजले असतील, आमच्याकडे पण कोणीतरी वाजवले. मी चहात पाव बुडवून खात बसलो होतो. मनात आलं, राज्य झालं, भाषा झाली, आता जेवायला कोण वाढणार? उद्या येईल म्हणाली होती.

वाटलं होतं, कोपर गेला म्हणजे सगळं झालं. तसं नाही होत. दामूनं कोपर लावला, गाडी चालवली, पण तो आमच्याकडे आला नाही आणि मी तिकडं गेलो नाही. पोरांच्या लग्नात भेटलो ते लांबून. तो त्या खुर्च्यांत, मी ह्या खुर्च्यांत. भाषेवरून डोकी फोडणारे पुढारी एका गाडीतून फिरायला लागले, पण आम्ही दोघं नाही. मधून शालन चालत राहिली. तिच्याकडून मला सगळं कळायचं. दामूचा गुडघा दुखतो. दामूला नातू झाला. म्हातारी गेली तेव्हा दामू आठ दिवस बोलला नाही. गाडी एका हॉटेलवाल्यानं शोभेला नेली, नेताना दामूनं त्याला सांगितलं म्हणे की बाकी काय बदलायचं ते बदल, पाण्याचा कोपर बदलू नको. हे मला शालननं तीन-चारदा सांगितलं. मी प्रत्येक वेळी म्हटलं, मग मला येऊन सांगायला काय झालं होतं त्याला? ती म्हणायची, तुम्ही तरी जाऊन ऐकायचं.

श्रावणात ती गेली. ताप आला, छातीत भरलं, आणि चार दिवसांत संपलं. दामू आला. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईला माहेरचं हिरवं लुगडं लागतं, ते घेऊन आला. त्यानं स्वतःच्या हातानं ते तिच्या अंगावर घातलं. आम्ही समोरासमोर उभे होतो, मध्ये ती. बाराव्याला त्याचा मुलगा येऊन गेला.

मुलगा माझा मोपाच्या विमानतळावर टॅक्सी चालवतो. दिवसभर घरात मी आणि डोक्यावरून जाणारी विमानं. तो म्हणतो, पप्पा, भट्टी पेटवा, मन रमेल. त्याला वाटतं मी भट्टीसाठी झुरतो. भट्टीचं काय, ती माती आहे. परवा जनेल लावून घेतलं आणि मला एकदम कळलं की आता कारापूरची वाट कोणी बंद न करताच बंद होणार. त्या वेळी दामूनं बंद केली होती, मग तिनं उघडली. आता ती नाही, तर कोणाच्या पायाखालीच येणार नाही. तिनं जिच्यासाठी एवढं केलं ती वाट आम्ही दोन म्हातारे बसल्याबसल्या गवतात घालवणार. तो मेला की मला कंडक्टरकडून कळणार, मी मेलो की त्याला.

काल गेलो. डिचोलीला बस बदलली. घर बदललंय, वर स्लॅब चढलाय, फणस नाही. एक तरुण बाई बाहेर आली, दामूची सून असावी. "कोण जाय तुमकां?" तिनं विचारलं. माझं नाव सांगून तिला काय कळणार होतं? मी म्हटलं, "शालनचो घोव."

दामू दारातल्या सोप्यावर, बांधीव बाकावरच बसला होता. त्यानं मान वर केली. माझ्याकडे बघितलं, आणि मग सवयीनं माझ्या खांद्यावरून मागं फाटकाकडे बघितलं. मग त्याच्या लक्षात आलं. त्यानं काठी बाजूला घेतली आणि बसायला जागा केली. समोर दुसरा सोपा रिकामा होता, पण मी त्याच्याशेजारीच बसलो.

चहा आला. पावही आला. आम्ही दोघं समोर रस्त्याकडे बघत होतो. आतून एक लहान पोर मोठ्यानं धडा वाचत होतं, इंग्लिशमध्ये, एकेक शब्द तोडून.

"आयकतात?" दामू म्हणाला. "हें तुमच्या मराठीन केलां."

"माझ्या मराठीन? कायदो तुमचो झालो."

"कायदो जावन कितें? तुमी उबे रावूंक दिलो?"

"आणि तुजो नातू खंयचे शाळेत वता? आधी तां सांग."

आवाज चढले. सून दारात येऊन घाबरून आत गेली. पोर वाचायचं थांबलं. दामूनं काठी जमिनीवर आपटली, मी त्याच्याकडे वळलो, आणि दोघंही एकदम थांबलो. फार वर्षांपूर्वी, तो हिवाळा यायच्याही आधी, आम्ही ह्याच घरात कशावरूनही असे भिडलो की स्वयंपाकघरातून शालन ओरडायची. दोघांनाही बाहेर काढीन, म्हणायची, घर माझ्या बापाचं आहे. दामू आतल्या दाराकडे बघत होता. मीही बघत होतो. आत कोणीतरी नळ सोडला, बंद केला.

रस्त्याकडे तोंड फिरवून दामू म्हणाला, "उलयात भावजी. थांबूं नाकात."

मी घसा खाकरला, आणि परत मराठीची बाजू घेऊन बोलायला लागलो.